इंच इंच बदलू : मापं बदलायला शिकण्याचं येडशी गाईड

सूचना : हे गाईड नवशिक्यांसाठी आहे. ज्यांना सगळं येतं त्यांनी थेट शेवटचा स्वाध्याय सोडवावा, नापास व्हावं आणि मग पहिल्या धड्याकडे परत यावं.

पूर्वतयारी

येडशीच्या चौकात उभे राहा. सोलापूरहून बीडकडे जाणारा मोठा रस्ता आणि बार्शीहून लातूरकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. समोर दिसेल त्याला विचारा, "रामलिंग किती लांब आहे हो?" टपरीवाला पानाला चुना लावता लावता म्हणेल, "हे काय, इथंच." रिक्षावाला किलोमीटर सांगेल, आणि तो आकडा तुमच्या पायातले बूट बघून ठरेल. पारावरचे आजोबा म्हणतील, "असंल मैल-दीड मैल." डोक्यावर गवताचा भारा घेतलेली मावशी मात्र थांबेल, तुम्हाला वरपासून खालपर्यंत बघेल आणि विचारेल, "उन्हाचं चाललाव व्हय? मग लांब हाय."

चौघांपैकी कुणीच खोटं बोललं नाही. चौघांचं माप वेगळं आहे, एवढंच. हे ज्याला कळलं त्याचा निम्मा अभ्यासक्रम झाला. उरलेल्या निम्म्यासाठी पुढचं साहित्य जमवा : दोन्ही कडांवर आकडे असलेला एक टेप, कानामागे ठेवायला एक पेन्सिल, पाठकोरा कागद आणि एक आकडा, २५.४. मोबाइल खिशातच राहू द्या. त्यातला कॅल्क्युलेटर उत्तर झटक्यात देतो, पण ते उत्तर कुणाला सांगायचं आहे हे त्याला ठाऊक नसतं.

धडा पहिला : सूत्र (आणि ते पुरत का नाही)

एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. बरोबर तेवढेच. इंचाचे मिलिमीटर करायचे तर २५.४ ने गुणा, मिलिमीटरचे इंच करायचे तर २५.४ ने भागा. धडा संपला.

तरी थोडी पार्श्वभूमी हवी, नाहीतर गाईडची पानं भरत नाहीत. हा आकडा १ जुलै १९५९ पासून असा गोळीबंद झाला. त्याआधी इंग्रजांचा इंच आणि अमेरिकेचा इंच यांत फरक होता. किती, तर केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाइतका. तेवढ्यासाठी सहा देशांनी एकत्र बसून करार केला. आपल्याकडे बांधावरून याच्या लाखपट फरक असतो आणि दोन सख्खे भाऊ एकत्र बसत नाहीत.

इंच निघाला कुठून? जुने इंग्रज म्हणत, जवाचे तीन दाणे लांबीने एकापुढे एक ठेवले की इंच होतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही जवच आहे. आठ जवांचे मध्यभाग शेजारी शेजारी ठेवले की एक अंगुळ, बारा अंगुळांची वीत आणि चोवीस अंगुळांचा हात. म्हणजे लंडन असो की पाटलीपुत्र, मापाची सुरुवात शेतकऱ्याच्या खळ्यावर झाली. आपल्या भागात जव नाही, ज्वारी पिकते. इथे कुणी नवं माप काढलं नाही त्याचं हेच कारण असावं : दाणे मोजायला ठेवले की पाखरं येतात.

पाठ करायची ओळ : बारा इंचांचा फूट, तीन फुटांचा वार, आणि मीटर म्हणजे एक वार, तीन इंच, तीन सूत. या ओळीतला शेवटचा शब्द शाळेत शिकवत नाहीत. त्यासाठी पुढचा धडा.

धडा दुसरा : सूत, म्हणजे मिस्त्रींचा दशांश

इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे सूत. सव्वातीन मिलिमीटरला जरासं कमी. सरकारने १९५६ साली मापांचा कायदा केला, टप्प्याटप्प्याने मीटर आणला, १९५७ साली रुपयाचेसुद्धा शंभर पैसे झाले. सूत या सगळ्यातून तसंच सुटलं, कारण ते कुठे लिहिलेलंच नव्हतं. ते मिस्त्रींच्या तोंडात होतं.

प्रात्यक्षिक : कुठल्याही सुताराचा टेप हातात घ्या आणि आकडे न वाचता नुसता बघा. वरच्या कडेवर इंच, खालच्या कडेवर सेंटिमीटर. वरच्या कडेचे पहिले दोन-तीन फूट अंगठ्याने पुसट झालेले असतात, पिवळा रंग उडून खालचं पोलाद दिसतं. खालची कड कालच छापल्यासारखी कोरी. कायदा खालच्या कडेवर आहे, काम वरच्या कडेवर चालतं.

लोखंडाच्या दुकानात याची पुढची पायरी भेटते. सळई कारखान्यातून मिलिमीटरमध्ये येते आणि दुकानात तिचं बारसं होतं. ८ मिमी ती अडीच सुती, १० मिमी ती तीन सुती, १२ मिमी ती चार सुती, १६ मिमी ती पाच सुती. गणित करून बघाल तर तीन सूत म्हणजे साडेनऊ मिमी, तिथे तुमचा थोडा फायदा. चार सूत म्हणजे १२.७ मिमी, आणि मिळते १२ची. फरक नखाएवढाही दिसत नाही, पण सळईची ताकद तिच्या जाडीच्या वर्गावर चालते, म्हणून लोखंड शेकडा दहा कमी. यात दुकानदार फसवत नाही, शब्द फसवतो. नकाशात इंजिनिअरने १२ मिमी लिहिले असतील तर १२च बरोबर. फक्त नकाशा एका भाषेत आणि स्लॅब दुसऱ्या भाषेत चालला आहे, एवढं ध्यानात ठेवा.

लेखकाची कबुली : घरात ४३ इंची टीव्ही आणायचा ठरला तेव्हा मी मिस्त्रींना मोठ्या रुबाबात सांगितलं, "भिंतीत त्रेचाळीस इंच रुंद कोनाडा ठेवा, एक सूत इकडे-तिकडे नको." त्यांनी एक सूतही इकडे-तिकडे होऊ दिलं नाही. टीव्ही आला. खोक्यावर लिहिलं होतं १०८ सेंटिमीटर, म्हणजे त्रेचाळीसलाही जरा कमीच. आत बसवला तर बाजूला अर्धा फूट जागा मोकळी. मी टेपकडे बघितलं, मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं.

"मालक, टीव्ही तिरका मोजत्यात. या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात. तुमी आडवा सांगितलाव."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमी म्हणलाव ना, एक सूत इकडं-तिकडं नको."

त्या मोकळ्या जागेत आता चार्जर, देवाचा फोटो आणि लाइटचं बिल असतं. तात्पर्य : आकडा बदलण्याआधी तो कुठून कुठपर्यंत मोजला आहे ते विचारावं.

धडा तिसरा : पाईप, किंवा गणिताला दिलेली सुट्टी

हा धडा हुशार विद्यार्थ्यांना जड जातो. दुकानात जाऊन ६३ मिमीचा पीव्हीसी पाईप मागा. दुकानदार आत ओरडेल, "दोन इंची काढ रे!" तुम्ही मनात भागाकार कराल : ६३ भागिले २५.४, उत्तर जवळजवळ अडीच. मग दोन इंची कसा? तुम्ही वाद घालाल. दुकानदार अडीच इंची काढून दाखवेल, त्यावर ७५ छापलेलं असेल. तीन इंची ९०चा निघेल, चार इंची ११०चा. एकाही ठिकाणी तुमचा भागाकार जुळणार नाही आणि मागच्या रांगेतला शेतकरी म्हणेल, "सर, तुमचं झालं का?"

खुलासा असा : मिलिमीटर पाईपची बाहेरची जाडी सांगतात, इंच आतून पाणी जाण्याच्या वाटेचा अंदाज सांगतात. एकाच पाईपचं एक माप अंगाचं आहे आणि एक पोटाचं. शेतकऱ्याला पाण्याशी मतलब, म्हणून त्याचा इंच आत. कारखान्याला प्लास्टिकशी मतलब, म्हणून त्याचा मिलिमीटर बाहेर.

बोअरचंही तसंच. भोक साडेसहा इंचाचं, खोली फुटांत, मोटर हॉर्सपॉवरमध्ये आणि लागलेलं पाणी पुन्हा इंचात, "दोन इंची लागलं." ते किती लिटर, हे गावात कुणी विचारत नाही. दोन इंची म्हटल्यावर ऐकणाऱ्याचा चेहरा जेवढा उजळतो, तेवढं.

पेरणीत सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा, असं कृषी विद्यापीठाचं पत्रक सांगतं. शेतकरी अठरा इंची पेरतो. दोन्हींत सात मिलिमीटरचा फरक आहे. सोयाबीनने आजवर तक्रार केलेली नाही.

नियम पहिला : माल, माती आणि पीक थोडी सूट देतात. घ्या.

धडा चौथा : अंगावरची मापं

टेप घरी विसरला तर घाबरू नका. चार बोटं शेजारी धरली की साधारण तीन इंच. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत वीत, म्हणजे नऊ इंच. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात, म्हणजे दीड फूट. विहिरीची खोली परसात सांगतात. परस म्हणजे पुरुष, उभा माणूस. "आमची हीर सहा परस हाय," असं म्हणणाऱ्याला फूट विचारू नका. एकावर एक सहा माणसं उभी करून बघा, तळ दिसेल.

या मापांचं वैशिष्ट्य असं की ती हरवत नाहीत आणि कुणाचीच दुसऱ्याशी जुळत नाहीत. म्हणून खण घेताना उंच जाऊबाईंना पुढे करावं आणि सरपण विकताना बुटक्या दिराला.

काही मापं आता फक्त म्हणींत उरली आहेत. त्यांचं रूपांतर नवशिक्यांनी आवर्जून शिकावं. "तसूभरही हलणार नाही" : तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग. मुंबईकडचा गज सत्तावीस इंचांचा होता, म्हणजे तसू झाला सव्वा इंचाला एक सूत कमी. असं म्हणणारा पुढारी इंचभर हलला तरी शब्दाला पक्का राहतो, हे लक्षात घ्या. "स्वर्ग दोन बोटं उरला" : दीड इंच, ३८ मिमी. "वीतभर पोट" : २३ सेंटिमीटर, आणि त्यासाठी पुण्यापर्यंतचं सगळं अंतर.

कापडाचं माप वार. सहावारी लुगडं ५.४९ मीटरचं, दुकानात साडेपाच मीटर म्हणून मिळतं. तिथे गिऱ्हाइकाचा अर्धा इंच फायदा. बोलू नका, पिशवी उचला. नऊवारी ८.२३ मीटर. यातला एक वार, म्हणजे ३६ इंच, बाजूला काढून ठेवा. पाचव्या धड्यात लागणार आहे.

लांब अंतरांसाठी आपल्या भागात फार जुनं माप आहे : दिवस. इथून जवळच तेर आहे, गोरोबाकाकांचं. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचं नाव तगर होतं आणि तिथलं कापड परदेशी जात असे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या माहितीपुस्तकात, म्हणजे तेव्हाच्या गाईडमध्येच, लिहिलं आहे की भडोचहून पैठण दक्षिणेला वीस दिवसांवर आणि पैठणहून तगर पूर्वेला दहा दिवसांवर. पैठण ते तेर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे दिवसाला पंधरा. लादलेल्या बैलाची चाल ती. दिशा मात्र खलाशाने चुकवली. तेर पैठणच्या आग्नेयेला, त्यातही दक्षिणेकडे जास्त झुकलेलं. आकडा बदलता येतो, ऐकीव दिशा बदलता येत नाही. चौकातल्या मावशीने ऊन मोजलं तेव्हा हसलात ना? ती याच घराण्यातली.

धडा पाचवा : तीस इंचांचे सहासष्ट इंच करणे (मोठं प्रात्यक्षिक)

आतापर्यंत आपण कागदावर मापं बदलली. आता येडशी स्टेशनवर चला.

बार्शी लाईट रेल्वे ही लंडनमध्ये नोंदवलेली कंपनी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती उभी केली. १८९७ साली तिची गाडी तेव्हाच्या बार्शी रोड, म्हणजे कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत धावली. १९११ साली ती येडशीवरून पुढे लातूरला पोहोचली. दोन रुळांमधलं अंतर ठेवलं होतं अडीच फूट : तीस इंच, ७६२ मिलिमीटर. मोठ्या गाडीचं अंतर साडेपाच फूट : सहासष्ट इंच, १६७६ मिलिमीटर. कॅलथ्रॉपचं म्हणणं असं की रूळ अरुंद ठेवा, वळणं आवळून घ्या, एका आसावर पाच टनांच्या वर भार टाकू नका. मग जिथे मोठी गाडी परवडत नाही तिथेही रेल्वे परवडेल. लोकांना त्याचा हिशेब पटायला वेळ लागला, गाडी मात्र शंभर वर्षं चालली. हा गृहस्थ पुढे पॅराशूटच्या मागे लागला आणि त्याने त्याचं नाव ठेवलं 'गार्डियन एंजल'. रुळांची रुंदी झाल्यावर आभाळाची उंची. मापाचं वेड असं वाढत जातं.

त्या काळी बार्शी इंग्रजांच्या मुलखात आणि येडशी निजामाच्या. मध्ये सरहद्द. पलीकडे कलदार रुपया, अलीकडे हाली. रुपया बदलून घ्यावा लागे, रूळ बदलावे लागत नसत. तीस इंच दोन्हीकडे तीसच.

इथे एक बारीक गंमत सांगतो. मराठवाड्यातच, मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेडकडे जाणारी निजामाची लाइन होती मीटरगेज. हा मीटर आला कुठून? १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयोच्या सरकारला वाटलं, हिंदुस्थानात लवकरच मीटरची मापं येणार, तर रूळ आत्ताच एक मीटरचे टाकून ठेवू. मापं आली नव्वदेक वर्षांनी. तोवर देशातले लोक फूट-इंचांत तिकीट-खिडकीची उंची मोजत होते आणि मीटरवरून प्रवास करत होते. त्या मीटरचे इंच किती? एकोणचाळीस इंच, तीन सूत. पहिल्या धड्यातली ओळ आता कामाला आली.

परत येडशीकडे. पुस्तकात तीस इंचांचे सहासष्ट करायला एक ओळ पुरते. जमिनीवर त्याला गेजरूपांतर म्हणतात आणि ते व्हायला २००७-०८ साल उजाडलं. आता वजाबाकी करा. सहासष्टातून तीस गेले, उरले छत्तीस. छत्तीस इंच म्हणजे बरोबर एक वार. चौथ्या धड्यात बाजूला काढून ठेवला होता तोच. लातूरच्या लाइनीला रुंद व्हायला नऊवारीतला एक वार हवा होता, आणि तो मिळेपर्यंत तीन पिढ्यांनी अर्ज केले.

या एका वाराने काय बदललं? जुनी गाडी उस्मानाबाद शहराला कधी शिवलीच नव्हती. शहराच्या माणसाला रेल्वे गाठायची तर विसेक किलोमीटरवरच्या येडशीला यावं लागे. म्हणजे शहर आमच्याकडे येत होतं, आम्ही शहराकडे जात नव्हतो. रूळ रुंद झाले तेव्हा वाटही वळली आणि शहराला, म्हणजे आजच्या धाराशिवला, स्वतःचं स्टेशन मिळालं. चांगलंच झालं. पण येडशीच्या जुन्या माणसाला विचारा, "नॅरोगेज आणि ब्रॉडगेजमध्ये फरक किती?" तो वार सांगणार नाही, फूट सांगणार नाही. "तवा हितं टांगे हुबे ऱ्हायचे," असं सांगेल. ते त्याचं माप आहे. त्याला २५.४ ने गुणता येत नाही.

धडा सहावा : जमीन (धडधाकट प्रकृतीच्या विद्यार्थ्यांसाठी)

गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद. मुंबई इलाख्याच्या मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची होती आणि तिचे सोळा आणे असत, म्हणून जमीनही रुपयासारखी आण्यांत बोलायची. चाळीस गुंठ्यांचा एकर. निजामाच्या मुलखातही एकर-गुंठेच. आता सातबारावर हेक्टर-आर असतं. आर म्हणजे दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद.

आता इकडे लक्ष द्या. दहा मीटर आणि तेहेतीस फूट "जवळपास सारखेच", असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. तेहेतीस फूट म्हणजे १०.०६ मीटर. फरक जवळजवळ सहा सेंटिमीटरचा, तीन बोटांचा. ती तीन बोटं लांबीत, तीच तीन बोटं रुंदीत, आणि मग चाळीस वेळा. एकराचे चाळीस आर धरले की ४७ चौरस मीटर हवेत जातात, पाचशे चौरस फूट, जवळजवळ अर्धा गुंठा. रस्त्याकडेच्या अर्ध्या गुंठ्यात टपरी उभी राहते, कोर्टात दावा उभा राहतो आणि दोन घरांचं एकमेकांच्या लग्नाला जाणं बंद होतं. एवढं सगळं तीन बोटांतून. बांध कोरायला नांगरच लागतो असं नाही, "जवळपास" हा शब्दही पुरतो.

नियम दुसरा : जिथे "जवळपास" म्हणणारा आणि नुकसान सोसणारा हे वेगवेगळे असतात, तिथे दशांश सोडू नका.

धडा सातवा : जिथे सूट मिळत नाही

पहाटे पाचला येडशीहून निघणाऱ्या कुठल्याही रस्त्यावर पोरं पळताना दिसतील. पोलीस भरतीची तयारी. मुलांसाठी उंचीची अट १६५ सेंटिमीटर. घरात उंची मोजतात फूट-इंचांत, दाराच्या चौकटीला पाठ लावून, डोक्यावर वही आडवी धरून. आई पेन्सिलची खूण करते : "पाच पाच भरला बघ!" पाच फूट पाच इंच म्हणजे १६५.१ सेंटिमीटर. पास. किती फरकाने, तर एका मिलिमीटरच्या. वहीचा पुठ्ठा त्याहून जाड असतो.

आणखी एक माहिती, अभ्यासक्रमाबाहेरची : माणूस सकाळी उठतो तेव्हा संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. दिवसभर मणक्यांमधल्या गाद्या दबतात. सकाळच्या रांगेतला पाच-पाचवाला आणि दुपारच्या रांगेतला पाच-पाचवाला एकाच पायरीवर नसतात. उसाला दोन ओळींत चार बोटं इकडे-तिकडे चालतात, पोराला एक मिलिमीटर चालत नाही. (लग्नाच्या बायोडेटात मात्र उलट. तिथे "५.५" लिहिलेलं मुलीकडचे पाच फूट पाच इंच वाचतात, गणिताचे सर पाच फूट सहा इंच वाचतात, आणि बूट घातल्यावर दोन्ही खरं ठरतं.)

दुसरं उदाहरण पावसाचं. गावात पाऊस इंचांत नाहीतर ओलीच्या बोटांत सांगतात. सरकारी नोंद मिलिमीटरमध्ये होते, सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पडला तर ती अतिवृष्टी, मग पंचनामा, मग मदतीचा विचार. आता भागा : ६५ भागिले २५.४, उत्तर २.५६ इंच. मिस्त्रींच्या भाषेत अडीच इंच, अर्धा सूत.

म्हणजे नेमका अडीच इंच पाऊस झाला, सोयाबीन आडवं पडलं, नाल्याचं पाणी वावरात घुसलं, तरी नोंद होणार ६३.५ मिलिमीटर. त्याला मुसळधार म्हणा, जोरदार म्हणा, अतिवृष्टी नाही. अर्ध्या सुताने राहिली. पाईपच्या दुकानात ६३ला दोन इंची म्हणा, अडीच म्हणा, पाणी वाहतंच. इथे वाहून गेलेलं पाणीसुद्धा मोजताना अडतं.

अर्धा सूत किती, हे सुताराला विचारू नका, शेतकऱ्याला विचारा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ६३.५ आणि ६५ मधला दीड मिलिमीटर एकरभर रानावर पसरला तर सहा हजार लिटर पाणी होतं. धाराशिव जिल्ह्यात सहा हजार लिटर पाण्याला काय म्हणतात हे उन्हाळ्यात कुठल्याही वाडीवर कळतं : टँकर. मे महिन्यात त्यासाठी हंड्यांची रांग लागते, सप्टेंबरमध्ये तेवढंच कमी पडलं म्हणून पंचनामा होत नाही.

नियम तिसरा आणि शेवटचा : आपल्याला मिळणारी सूट मोजायला टेप लागत नाही. न मिळालेली सूट दशांशांत मोजावी लागते. म्हणून २५.४ पाठ असू द्या.

स्वाध्याय (एकूण गुण : सोळा आणे)

प्रश्न १. गाळलेल्या जागा भरा.
अ) मीटर म्हणजे एक वार, तीन इंच आणि तीन ______.
आ) लातूरची लाइन एका ______ ने रुंद झाली.
इ) रामलिंग इथून ______ लांब आहे. (विचारणारा उन्हात उभा आहे की सावलीत, ते आधी लिहा.)

प्रश्न २. कोण कोणास म्हणाले?
अ) "दोन इंची काढ रे!"
आ) "टीव्ही तिरका मोजत्यात."
इ) "गुंठा काय अन् आर काय, जवळपास सारखंच."
(इ चं उत्तर लिहिताना भावकीतलं नाव घालू नये.)

प्रश्न ३. कारणे द्या.
सुताराच्या टेपची एकच कड झिजते.

प्रश्न ४. प्रात्यक्षिक.
येडशी स्टेशनच्या फलाटावर, रुळांपासून लांब, खडूने तीस इंचांवर दोन रेघा ओढा. शेजारी सहासष्ट इंचांवर दोन रेघा ओढा. कुणी "काय करायलाव?" असं विचारलं तर लहान रेघांकडे बोट दाखवा आणि गप्प राहा. विचारणारा साठीच्या पुढचा असेल तर पुढचा अर्धा तास तोच बोलेल. तो जी मापं सांगेल ती वहीत जशीच्या तशी उतरवून घ्या. रूपांतर करू नका.

प्रश्न ५. सविस्तर उत्तर लिहा.
एका शेतकऱ्याच्या रानात रात्रभर अडीच इंच पाऊस पडला. त्याने सकाळी बांधावर उभं राहून बघितलं आणि म्हणाला, "सगळं गेलं." त्याच्या मंडळात अतिवृष्टी झाली की नाही?
(उत्तर मिलिमीटरमध्ये लिहावे. इंचातले उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.)